एरवी झटपट येणारी क्वेरी मध्येच रखडते: शोध कुठून सुरू करायचा

क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) तीच, टेबल तेच, आणि काल काही मिलिसेकंदांत येणारं उत्तर आज कित्येक सेकंद येत नाही. कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं, दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच रडगाणं. हे दुखणं मी इतक्यांदा हाताळलं आहे की तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे, तोच इथे देतो. उदाहरणं बहुतांश पोस्टग्रेस या डेटाबेसची आहेत, कारण माझं रोजचं काम त्यावर चालतं. मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये जिथे गोष्ट वेगळी आहे तिथे तसं लिहिलं आहे.

एक विनंती आधीच करतो: कारण कळल्याशिवाय इंडेक्स (ओळी लवकर शोधून देणारी सूची) टाकू नका. रखडलेल्या क्वेरीवर पहिला उपाय म्हणून इंडेक्स सुचवला जातो, कधी तो लागूही पडतो, आणि म्हणूनच सवय लागते. पण क्वेरी लॉकवर (दुसऱ्या कुणी धरून ठेवलेल्या कुलपावर) थांबलेली असेल तर इंडेक्सने काहीच होत नाही, आणि प्लॅनरचा (क्वेरी कशी चालवायची याचा प्लॅन ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाचा) अंदाज चुकलेला असेल तर नवा इंडेक्स तो पाहतही नाही. वेळ नेमका कुठे जातो हे आधी शोधायचं. बाकी सगळं त्यानंतर.

## लक्षणं

खालीलपैकी तुमचं लक्षण कोणतं, ते नीट ओळखा. अर्धं निदान इथेच होतं.

– क्वेरी दिवसातून काही वेळाच अडकते, एरवी ठीक चालते. अडकते तेव्हा सर्व्हरचा सीपीयू मात्र शांत असतो. हे बहुधा लॉकचं लक्षण.
– ॲपमधून हळू, पण तीच क्वेरी कन्सोलमध्ये हाताने चालवली की लगेच उत्तर. पॅरामीटर (क्वेरीत भरलेली मूल्यं), त्यांचे टाइप किंवा साठवलेला प्लॅन इथे संशयित.
– काही ग्राहकांसाठी वेगवान, काहींसाठी हळू. डेटा असमान पसरलेला आहे आणि एकच प्लॅन सगळ्यांना लावला जातो आहे.
– मोठी आयात, डेटाबेसची नवी आवृत्ती किंवा रात्रीचं एखादं मोठं काम झाल्यावर लगेच सुरू झालं. स्टॅटिस्टिक्स (टेबलमधल्या डेटाची प्लॅनरकडची आकडेवारी) शिळी झालेली असणार.
– कित्येक महिने थोडी थोडी मंदावत गेली. टेबल वाढलं, आणि क्वेरी पहिल्यापासूनच सगळं टेबल वाचत होती. फक्त टेबल लहान असताना ते जाणवत नव्हतं.
– लिमिट (इतक्याच ओळी द्या ही मर्यादा) काढून टाकली की क्वेरी उलट लवकर येते. विचित्र वाटतं, पण हे अगदी ओळखीचं लक्षण आहे. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

## आधी नोंद, मग हात

हळू चालणारी नेमकी क्वेरी तिच्या खऱ्या पॅरामीटरांसकट मिळवा. 'ऑर्डर्सचं पान हळू आहे' एवढ्यावर काम करता येत नाही. पोस्टग्रेसमध्ये लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट ही सेटिंग मुळात बंद असते. ती ५०० मिलिसेकंदांवर ठेवली की त्याहून जास्त वेळ घेणारी प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये उतरते. मायएसक्यूएलमध्ये स्लो क्वेरी लॉग चालू करा, आणि लाँग_क्वेरी_टाइम बदलायला विसरू नका. ते मुळात १० सेकंदांवर असतं, म्हणजे ९ सेकंद रखडणारी क्वेरी त्या लॉगच्या लेखी हळू नसतेच.

पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन अजून लावलं नसेल तर पुढच्या ठरलेल्या रीस्टार्टच्या वेळी लावून टाका, ते रीस्टार्टशिवाय बसत नाही. कोणत्या क्वेरीने एकूण किती वेळ खाल्ला हे त्यातून दिसतं, आणि बऱ्याचदा असं निघतं की सगळे जिच्यामागे लागले होते ती पाच सेकंदांची क्वेरी दिवसातून मोजक्या वेळा येते, तर १५ मिलिसेकंदांची दुसरीच एक दिवसभर लाखो वेळा चालून सर्व्हर दमवते आहे.

आणि एक साधा प्रश्न विचारा: काय बदललं? नवा कोड गेला का, कुणी इंडेक्स काढला का, आवृत्ती बदलली का. पोस्टग्रेसमध्ये पीजी_अपग्रेड वापरून मोठी आवृत्ती बदलली तर १८ च्या आधीच्या आवृत्त्यांत प्लॅनरची स्टॅटिस्टिक्स सोबत येतच नाहीत. ॲनलाइझ (स्टॅटिस्टिक्स गोळा करणारी आज्ञा) चालवेपर्यंत प्लॅनर अंधारात असतो. 'अपग्रेडनंतर सगळंच हळू झालं' या तक्रारीचं उत्तर कितीतरी वेळा एवढंच निघतं.

## तपासणी १: हळू नक्की डेटाबेसच आहे ना?

पाच मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे, म्हणून पहिलं. ॲपने मोजलेला वेळ आणि डेटाबेसच्या लॉगमधला वेळ शेजारी शेजारी ठेवा. ॲप म्हणतं आठ सेकंद आणि डेटाबेस म्हणतो २०० मिलिसेकंद, तर इंडेक्स चाळत बसण्यात अर्थ नाही.

अशा वेळी दोनच गोष्टी वारंवार सापडतात. पहिली, एका क्वेरीऐवजी शेकडो क्वेऱ्या: आधी यादी आणायची आणि मग यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी वेगळी क्वेरी मारायची. ओआरएम (ॲपच्या कोडवरून क्वेऱ्या आपोआप बनवणारी लायब्ररी) वापरताना हे नकळत होतं. लॉगमध्ये एकच क्वेरी फक्त आयडी बदलून ओळीने येताना दिसली की समजा. दुसरी, गरजेपेक्षा जास्त डेटा ओढणं. सिलेक्ट स्टार लिहून मोठे मजकुराचे किंवा जेसनचे कॉलम सोबत येतात आणि सगळा वेळ ते नेटवर्कवरून आणण्यात आणि ॲपमध्ये उलगडण्यात जातो. एक्स्प्लेन ॲनलाइझ (क्वेरी चालवून तिचा प्लॅन दाखवणारी आज्ञा) एरवी ओळी क्लायंटकडे पाठवतच नाही, त्यामुळे हा खर्च तिथे दिसत नाही. हे ठाऊक नसलं की माणूस प्लॅनकडे बघून चक्रावतो.

## तपासणी २: क्वेरी काम करते आहे की थांबली आहे?

ही पायरी वगळली जाते आणि तिथेच वेळ वाया जातो. क्वेरी रखडलेली असताना पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी बघा. स्टेट ॲक्टिव्ह आहे पण वेट_इव्हेंट_टाइपमध्ये लॉक लिहिलं आहे, तर ती काम करत नाही, कुणाची तरी वाट बघते आहे. पीजी_ब्लॉकिंग_पिड्स या फंक्शनला तिचा प्रोसेस क्रमांक दिला की अडवणाऱ्यांचे क्रमांक मिळतात. मायएसक्यूएलमध्ये सुरुवात शो फुल प्रोसेसलिस्टने करा.

अडवणारा पुष्कळदा 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' या अवस्थेत सापडतो. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) उघडलं, एक अपडेट केलं, मग ॲप बाहेरच्या कुठल्या तरी सेवेच्या उत्तराची वाट बघत बसलं आणि कमिट (बदल पक्के करणं) राहूनच गेलं. तोवर त्या ओळी कुलूपबंद. उपाय ॲपमध्ये आहे: ट्रान्झॅक्शन उघडं असताना बाहेरच्या सेवेला हाक मारायची नाही. डेटाबेसच्या बाजूने आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट लावून ठेवा, म्हणजे विसरलेलं ट्रान्झॅक्शन आपोआप तुटेल.

याहून फसवा प्रकार टेबलची रचना बदलताना होतो. समजा, एक अहवाल दहा मिनिटं एका टेबलवरून वाचतो आहे. तेवढ्यात कुणी त्याच टेबलवर ऑल्टर टेबल चालवतं. त्याला पूर्ण टेबलचं लॉक हवं असतं, म्हणून ते अहवालामागे रांगेत उभं राहतं. आता यानंतर येणारं प्रत्येक साधं सिलेक्टसुद्धा त्या ऑल्टरच्या मागे उभं राहतं. अहवाल निरुपद्रवी, ऑल्टर एका क्षणाचं, तरी दहा मिनिटं सगळं ठप्प. म्हणून रचनेतला कुठलाही बदल करण्याआधी त्या सेशनमध्ये लॉक_टाइमआउट दोन-तीन सेकंदांवर ठेवा. लॉक मिळालं नाही तर बदल माघार घेईल, थोड्या वेळाने पुन्हा करून बघा.

अडवणारी क्वेरी थांबवायचीच असेल तर आधी पीजी_कॅन्सल_बॅकएंड वापरा, त्याने नाही ऐकलं तर पीजी_टर्मिनेट_बॅकएंड. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर किल वजा नऊ मात्र कधीही नको. पोस्टग्रेसची एक प्रोसेस अशी मारली की तो सगळी कनेक्शनं तोडतो आणि रिकव्हरीतून पुन्हा उभा राहतो. एका रखडलेल्या क्वेरीच्या जागी पूर्ण सेवा बंद पडते.

## तपासणी ३: प्लॅन वाचा

क्वेरी थांबलेली नाही, खरंच काम करते आहे हे नक्की झालं की मग एक्स्प्लेन. नुसतं एक्स्प्लेन फक्त अंदाज दाखवतं. एक्स्प्लेन ॲनलाइझ क्वेरी प्रत्यक्ष चालवतं, आणि 'प्रत्यक्ष' हा शब्द इथे गांभीर्याने घ्या: डिलीटवर लावलंत तर ओळी खरंच उडतात. अपडेट किंवा डिलीट तपासायचं असेल तर आधी बिगिन, मग एक्स्प्लेन ॲनलाइझ, मग रोलबॅक. तोवर त्या ओळींवर लॉक राहतं हेही लक्षात असू द्या. मायएसक्यूएलमध्ये एक्स्प्लेन ॲनलाइझ ८.०.१८ पासून आहे. पोस्टग्रेसमध्ये सोबत बफर्स हा पर्यायही द्या (आवृत्ती १८ मध्ये तो आपोआप येतो). किती पानं मेमरीत मिळाली आणि किती बाहेरून वाचावी लागली ते त्यातून दिसतं. पोस्टग्रेसचं एक पान ८ केबीचं असतं.

आलेला प्लॅन आधी फाइलमध्ये साठवा. पुढे ॲनलाइझ किंवा आणखी काही केलं की हा प्लॅन पुन्हा मिळेलच असं नाही, आणि बिघाडाचा एवढाच पुरावा तुमच्याकडे असतो.

वाचताना मी सगळ्यात आधी खर्चाच्या आकड्यांकडे बघत नाही. प्रत्येक टप्प्यावर अंदाजे किती ओळी आणि प्रत्यक्षात किती, हे दोन आकडे ताडून बघतो, तेही आतल्या टप्प्यापासून बाहेरच्या टप्प्याकडे जात. जिथे पहिल्यांदा मोठी तफावत दिसते तिथे दुखणं असतं. त्याच्या वरचे सगळे चुकीचे निर्णय त्या एका चुकीच्या अंदाजातून आलेले असतात.

एक उदाहरण जवळून बघू. समजा, प्लॅनमध्ये नेस्टेड लूप आहे, म्हणजे बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी आतला टप्पा पुन्हा चालतो. बाहेरच्या टप्प्यावर अंदाज १ ओळीचा आणि प्रत्यक्षात आल्या ८०,०००. आतला टप्पा इंडेक्स स्कॅन, आणि त्यापुढे वेळ लिहिली आहे ०.०५ मिलिसेकंद. नवखा माणूस तो आकडा बघून म्हणतो, इथे तर काहीच वेळ जात नाही. पण शेजारी लूप्स ८०,००० लिहिलेलं असतं, आणि दाखवलेला वेळ एका फेरीचा सरासरी असतो. गुणाकार करा: ४,००० मिलिसेकंद. चार सेकंद तिथेच गेले. एकच ओळ येणार असती तर नेस्टेड लूप ही अगदी योग्य निवड होती. ८०,००० येणार हे प्लॅनरला ठाऊक असतं तर त्याने बहुधा हॅश जॉइन (एका बाजूच्या ओळींचा तक्ता करून दुसरी बाजू त्याच्याशी जुळवणं) घेतला असता. म्हणजे प्लॅनर त्याला मिळालेल्या माहितीनुसार बरोबर वागला, माहिती चुकीची होती. इथे नवा इंडेक्स टाकून काय साधणार? आतला टप्पा आधीच इंडेक्स वापरतो आहे.

आणखी दोन खुणा शोधा. 'रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर' (Rows Removed by Filter) समोर मोठा आकडा असेल तर इतक्या ओळी वाचून फेकून दिल्या असा त्याचा अर्थ. योग्य इंडेक्सचा विचार इथे करायचा. 'एक्स्टर्नल मर्ज' आणि पुढे डिस्क लिहिलेलं दिसलं तर सॉर्ट मेमरीत मावला नाही.

सीक्वेन्शियल स्कॅन (सगळं टेबल सलग वाचणं) दिसला म्हणून मात्र दचकू नका. लहान टेबल असेल किंवा टेबलचा मोठा हिस्सा हवाच असेल, तर सलग वाचणंच स्वस्त पडतं.

## तपासणी ४: स्टॅटिस्टिक्स ताजी करा

अंदाज आणि प्रत्यक्ष यांत तफावत सापडली असेल तर त्या टेबलवर ॲनलाइझ चालवा. हे टेबलचा नमुनाच वाचतं, वाचणं-लिहिणं अडवत नाही, आणि मोठ्या टेबलवरही सहसा लवकर उरकतं. मग तीच क्वेरी पुन्हा एक्स्प्लेन ॲनलाइझने बघा.

हे आपोआप व्हायला हवं ना? होतं, पण पोस्टग्रेसचा मूळ नियम असा आहे की टेबलच्या १० टक्के अधिक ५० ओळी बदलल्या की स्टॅटिस्टिक्स पुन्हा गोळा होतात. एक कोटी ओळींच्या टेबलला त्यासाठी दहा लाख बदल लागतात. ते होईपर्यंत कित्येक दिवसांचा नवा डेटा प्लॅनरच्या हिशोबात नसतो, आणि आपल्या क्वेऱ्या तर बहुतेक करून ताज्या डेटावरच असतात. दर काही आठवड्यांनी येणाऱ्या आणि 'आपोआप बऱ्या होणाऱ्या' दुखण्याचं हे नेहमीचं कारण आहे. अशा मोठ्या टेबलपुरतं ऑटोव्हॅक्यूम_ॲनलाइझ_स्केल_फॅक्टर एक टक्क्यावर किंवा त्याखाली आणा. पूर्ण सर्व्हरची सेटिंग बदलायची गरज नाही. मोठी आयात करणाऱ्या प्रत्येक कामाच्या शेवटी ॲनलाइझची एक ओळ टाकून ठेवा.

ॲनलाइझनंतरही अंदाज चुकत असेल तर कॉलमांचे परस्परसंबंध तपासा. शहर आणि पिनकोड या दोन्हींवर अट असेल तर प्लॅनर दोन्ही अटी स्वतंत्र धरून शक्यतांचा गुणाकार करतो, आणि ओळींचा अंदाज फारच कमी निघतो. पोस्टग्रेस १० पासून क्रिएट स्टॅटिस्टिक्सने असे संबंध त्याला शिकवता येतात. हे साधन जितकं उपयोगी आहे त्या मानाने फार कमी वापरलं जातं.

## तपासणी ५: क्वेरीची मांडणी

इंडेक्स आहे, पण वापरलाच जात नाही. कारण बऱ्याचदा अटीतच सापडतं.

कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलेलं असतं. क्रिएटेड_ॲटवर इंडेक्स असूनही डेट(क्रिएटेड_ॲट) = '२०२५-०३-०१' अशी अट त्याला निकामी करते. त्याऐवजी क्रिएटेड_ॲट '२०२५-०३-०१' किंवा त्यानंतरचा आणि '२०२५-०३-०२' च्या आधीचा, अशी मर्यादा लिहा. उत्तर तेच येतं, इंडेक्सही वापरला जातो.

टाइप जुळत नाहीत. मायएसक्यूएलमध्ये फोन नंबर मजकूर म्हणून साठवला आणि अटीत तो अवतरणचिन्हांविना आकडा म्हणून दिला, तर इंडेक्स बाजूला राहतो. पोस्टग्रेसमध्ये पूर्णांकाच्या कॉलमशी ॲपने न्यूमेरिक पॅरामीटर ताडला की तीच गत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये व्हारचार कॉलम आणि एनव्हारचार पॅरामीटर ही जोडी यासाठीच कुप्रसिद्ध आहे. 'कन्सोलमध्ये वेगवान, ॲपमध्ये हळू' याच्या मुळाशी पुष्कळदा हेच असतं, कारण कन्सोलमध्ये आपण हाताने योग्य टाइप लिहितो.

लाइकमध्ये सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह असेल तर साधा बी-ट्री इंडेक्स काही करू शकत नाही. पोस्टग्रेसमध्ये पीजी_टीआरजीएम (pg_trgm) हे एक्स्टेन्शन बघा. पान क्रमांक मोठा होत जाईल तशी ऑफसेटवाली (सुरुवातीच्या ठराविक ओळी वगळणारी) क्वेरी मंदावते, कारण वगळलेल्या ओळीही वाचाव्याच लागतात. शेवटच्या ओळीची किल्ली लक्षात ठेवून तिच्यापुढच्या ओळी मागा.

## तपासणी ६: लिमिटचा सापळा

'काही ग्राहकांसाठीच हळू' हे लक्षण असणाऱ्यांनी इथे थांबावं. क्वेरी अशी: अमुक ग्राहकाच्या ऑर्डर, तारखेच्या उलट क्रमाने, लिमिट १०. टेबलवर दोन वेगळे इंडेक्स आहेत, एक ग्राहक_आयडीवर आणि एक तारखेवर.

प्लॅनर असा विचार करतो: तारखेच्या इंडेक्सवरून ताज्या टोकापासून मागे चालत गेलो की या ग्राहकाच्या दहा ऑर्डर लवकरच सापडतील, आणि सॉर्टही वाचेल. रोज खरेदी करणाऱ्या ग्राहकासाठी हे खरं ठरतं. पण ज्याने तीन वर्षांपूर्वी शेवटची ऑर्डर दिली, किंवा ज्याच्या एकूण ऑर्डरच चार आहेत, त्याच्यासाठी जवळजवळ अख्खा इंडेक्स पालथा घालावा लागतो. प्लॅनमध्ये फिल्टरने फेकलेल्या ओळी लाखांत दिसतात. लिमिट काढली की प्लॅनर मुकाट्याने ग्राहकाचा इंडेक्स घेतो, त्याच्या चार ऑर्डर आणतो आणि क्षणात मोकळा होतो. म्हणून लिमिटशिवाय वेग वाढतो.

यावर टिकाऊ उपाय म्हणजे दोन्ही कॉलमांचा एकत्र इंडेक्स: आधी ग्राहक_आयडी, मग तारीख. मग ग्राहकही मिळतो आणि क्रमही तयारच मिळतो.

## तपासणी ७: इंडेक्स

इथवर येऊन इंडेक्स हवाच असं ठरलं, तर कॉलमांचा क्रम विचार करून ठरवा. बरोबरीची अट असलेले कॉलम आधी, मर्यादेची अट असलेला नंतर. उलट क्रम लावला तर त्या मर्यादेतला सगळा पट्टा वाचून मग त्यातून निवड करावी लागते.

चालू सर्व्हरवर पोस्टग्रेसमध्ये साधं क्रिएट इंडेक्स चालवलं की ते संपेपर्यंत त्या टेबलवर लिहिणं बंद राहतं. त्याऐवजी क्रिएट इंडेक्स कन्करंटली वापरा. त्याला वेळ जास्त लागतो, ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि मध्येच फसलं तर इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो; तो शोधून काढून टाकावा लागतो. नाहीतर वाचनाला उपयोग शून्य आणि लिहिण्याला भार कायम.

फॉरिन की असलेल्या (दुसऱ्या टेबलमधल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या) कॉलमावर इनोडीबी (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) आपणहून इंडेक्स बनवतं, पोस्टग्रेस बनवत नाही. तो इंडेक्स नसेल तर मूळ टेबलमधून एक ओळ डिलीट करताना तिचा कुणी वापर करतं का हे बघायला संबंधित टेबल पूर्ण वाचलं जातं. 'एक ओळ उडवायला मिनिटभर लागतो' असं कुणी म्हणालं तर मी सरळ तिथेच बघतो.

इंडेक्स फुकट नसतो: प्रत्येक इन्सर्टला आणि कित्येक अपडेटना त्याचा भार पडतो. बनवण्याआधी तो उपयोगी पडेल का हे पोस्टग्रेसमध्ये हायपोपीजी एक्स्टेन्शनने काल्पनिक इंडेक्स करून पाहता येतं. जुना काढण्याआधी मायएसक्यूएल ८.० मध्ये तो आधी इनव्हिजिबल करून ठेवता येतो. अडचण आली तर लगेच परत दृश्य करायचा.

## तपासणी ८: साठवलेला प्लॅन

टाइप बरोबर आहेत आणि तरीही ॲपमध्येच हळू? पोस्टग्रेस प्रिपेअर्ड स्टेटमेंटच्या (एकदा तयार करून वेगवेगळ्या पॅरामीटरांसह पुन्हा पुन्हा चालवायच्या क्वेरीच्या) पहिल्या पाच वेळा त्या त्या पॅरामीटरसाठी वेगळा प्लॅन बनवतो. नंतर सरासरी खर्च बरा वाटला तर सर्वांसाठी एकच सामान्य प्लॅन धरून बसतो. सहाव्या वेळेपासून हळू होणारी क्वेरी ही याचीच खूण. चाचणीसाठी सेशनमध्ये प्लॅन_कॅश_मोड 'फोर्स_कस्टम_प्लॅन' करून बघा. फरक पडला तर कारण सापडलं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये याच्याच भावंडाला पॅरामीटर स्निफिंग म्हणतात, आणि २०१६ च्या आवृत्तीपासून आलेल्या क्वेरी स्टोअरमध्ये जुना आणि नवा प्लॅन शेजारी शेजारी बघायला मिळतात.

## तपासणी ९: सेटिंग

मी हे मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण इथला बदल एका क्वेरीपुरता राहत नाही. सॉर्ट डिस्कवर जात असेल तर वर्क_मेम (मुळात ४ एमबी) वाढवण्याचा मोह होतो. पण ही मर्यादा प्रत्येक सॉर्टला आणि प्रत्येक कनेक्शनला वेगवेगळी लागते. २५६ एमबी ठेवली आणि १०० कनेक्शनांनी एकेक सॉर्ट केला तर २५ जीबी मेमरी गेली, आणि ऑपरेटिंग सिस्टिम डेटाबेसच मारून टाकेल. वाढवायचीच तर त्या एका अहवालाच्या सेशनपुरती वाढवा. रँडम_पेज_कॉस्ट (विखुरलेलं पान वाचण्याचा प्लॅनरने धरलेला खर्च) मुळात ४ असतं, ते फिरत्या डिस्कच्या काळातलं आहे, एसएसडीवर १.१ च्या आसपास ठेवण्याची पद्धत आहे. शेअर्ड_बफर्स आणि इनोडीबीचा बफर पूल (पानं मेमरीत ठेवायची जागा) दोन्ही मुळात १२८ एमबी असतात. मोठ्या सर्व्हरवर ते तसेच राहिलेले आढळले तर नक्की बघा.

## बदल खरंच लागू पडला का, हे कसं तपासायचं

एका वेळी एकच बदल. दोन केलेत आणि वेग आला, तर कुणामुळे आला ते कधीच कळणार नाही.

पहिल्या फेरीवर विश्वास ठेवू नका. पानं डिस्कवरून यायची असतात. दुसऱ्या फेरीत ती मेमरीत असतात आणि काहीही न बदलता क्वेरी वेगवान दिसते. 'इंडेक्स टाकला आणि दहापट फरक पडला' यामागे कधी कधी फक्त हे असतं. बदलाआधी आणि बदलानंतर सारख्याच अवस्थेत काही फेऱ्या चालवून मधला आकडा घ्या, आणि वेळेसोबत वाचलेल्या पानांची संख्याही ताडा. सर्व्हरवर गर्दी असली की वेळ हलते, पानांची संख्या सहसा नाही.

चाचणी खऱ्या आकाराच्या डेटावरच घ्या. हजार ओळींच्या टेबलवर प्लॅनर इंडेक्स नाकारेल आणि ते बरोबरच असेल. त्यावरून कोटी ओळींबद्दल काहीच कळत नाही. पॅरामीटरही निवडून घ्या: सर्वांत जास्त ओळींचा ग्राहक, सर्वांत कमी ओळींचा आणि अस्तित्वात नसलेला. तिसरा प्रकार लोक विसरतात, आणि लिमिटचा सापळा तिथेच सगळ्यात जोरात बसतो.

## इथे थांबा आणि अनुभवी डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) बोलवा

लॉगमध्ये इनव्हॅलिड पेज किंवा चेकसमची चूक दिसली तर हा वेगाचा प्रश्न नाही, डेटा बिघडतो आहे. काहीही 'दुरुस्त' करायला जाऊ नका. व्हॅक्यूम (जुन्या, मेलेल्या ओळींची सफाई) नको, रीइंडेक्स नको, शक्य असेल तर लिहिणं थांबवा आणि मदत मागा. ट्रान्झॅक्शन आयडी संपत आल्याचा इशारा दिसला तरी तसंच, त्यात उशीर परवडत नाही.

टेबल फुगलं आहे आणि व्हॅक्यूम फुलच हवं असं वाटतं आहे? ते चालू असताना टेबल वाचणंही बंद राहतं आणि टेबलच्या नव्या प्रतीएवढी जागा डिस्कवर मोकळी लागते. चालू सर्व्हरवर हा निर्णय एकट्याने घेऊ नका. टेबलचं पार्टिशनिंग (तुकडे करणं), रेप्लिका (डेटाबेसची चालू प्रत) मागे पडत जाणं, डेडलॉक (दोघं एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकणं) वारंवार होणं, हेही त्याच यादीत. आणि बॅकअप परत आणून पाहिलेला नसेल, तर प्लॅन वाचण्यापलीकडचं कुठलंही काम सुरू करण्याआधीच थांबा.

डीबीएला बोलावताना सोबत हे द्या: डेटाबेसची आवृत्ती, खऱ्या पॅरामीटरांसह क्वेरी, जपून ठेवलेला जुना प्लॅन आणि आत्ताचा प्लॅन (दोन्ही मजकूर म्हणून, स्क्रीनशॉट नको), त्या टेबलांची रचना आणि इंडेक्स, ओळींची साधारण संख्या, शेवटचं ॲनलाइझ कधी झालं, आणि तुम्ही आतापर्यंत काय काय बदललं ते वेळेसह. शेवटची बाब लपवू नका किंवा गाळू नका. डीबीए सगळ्यात आधी तेच विचारेल.